आरतीच्या वेळीच मालगाडी का तुटते?

आमच्या घरच्या गणपतीसमोर गेली काही वर्षं मालगाडी फिरते. गोल रूळ, एक स्टेशन, आणि थर्माकोलला बंदी आल्यापासून पुठ्ठ्याचा केलेला घाटातला बोगदा. इंजिन आणि दहा वाघिणी भाच्याच्या बॅगेतून अमेरिकेहून आल्या. जाताना त्याच बॅगेतून चकली-चिवडा गेला होता. रात्री एकट्यानं बसून चालवली की गाडी दोन-दोन तास बिनतक्रार फिरते. आरतीला घर भरतं, सगळ्यांची नजर बोगद्याच्या तोंडाकडे लागते, आणि इंजिन चारच वाघिणी घेऊन डौलात बाहेर येतं. सहा आतच. मग प्रसाद हातावर घेता घेता प्रत्येक जण विचारतो, "कपलिंग तुटलं वाटतं?"

तुटत काहीच नाही, सुटतं. का सुटतं ते शोधायला मला दोन गणपती लागले. छोट्या गाड्यांची हौस आता पुण्यात बऱ्याच घरांत आली आहे आणि नवख्या माणसाला पहिलं कोडं हेच पडतं, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

आधी ८७ हा आकडा

छोट्या रेल्वेचं जगात सर्वाधिक चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या गाडीचा ८७ वा हिस्सा. जगातल्या बऱ्याच देशांत रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर असतं. त्याला ८७ नं भागलं की साडेसोळा मिलिमीटर येतात. एचओचा रूळ एवढाच रुंद. कोथरूडला कर्वे रस्त्यावर जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं ते अख्खं छोटं शहर पाहिलं नसेल तर मुलांना घेऊन एकदा जाऊन या. प्रमाण म्हणजे काय ते आकड्यांपेक्षा तिथे लवकर कळतं.

हा ८७ लक्षात ठेवा. खऱ्या गाडीतला वीतभर फरक इथे अडीच मिलिमीटरचा होतो, आणि इथली अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या गाडीत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त.

कपलर म्हणजे दोन मुठी

दोन डबे जोडणारा जो भाग, तो कपलर. पुणे स्टेशनवर एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीच्या, डब्यांची गाडी उभी असेल तेव्हा दोन डब्यांच्या मधल्या फटीत वाकून पाहा. दोन पोलादी मुठी एकमेकींत अडकलेल्या दिसतील. आपल्या डाव्या-उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवा आणि ओढा, झाला कपलर.

ही कल्पना अमेरिकेतल्या इलाय जॅनी याची. १८७३ साली त्यानं पेटंट घेतलं. त्याआधी तिथला रेल्वे कामगार दोन डब्यांच्या मधे उभा राहून हातानं खिळा घालायचा, आणि त्या कामात कित्येकांची बोटं, कित्येकांचे जीव गेले. १८९३ मध्ये अमेरिकेनं कायदाच केला: डबे आपोआप जोडले जातील असेच कपलर हवेत. त्या सुरक्षा-नियमांतच पुढे कपलरची उंचीही बांधून दिलेली आहे. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत जास्तीत जास्त साडेचौतीस इंच, कमीत कमी साडेएकतीस. फक्त तीन इंचांची मुभा.

उंचीबद्दल एवढी खबरदारी कशासाठी, ते फुगडी खेळलेल्यांना सांगावं लागणार नाही. दोघी सारख्या उंचीच्या असल्या की फुगडी रंगते. एक उंच आणि एक ठेंगणी असली की पकड तिरकी बसते आणि वेग वाढला की हात निसटतात. कपलरच्या मुठी आडव्या ओढीला घट्ट असतात. पण साध्या कपलरमध्ये वर-खाली घसरायला अडवणारं काही नसतं. एक मूठ दुसरीवरून सरकून वर निघाली की खेळ खलास. प्रवासी डब्यांच्या घट्ट कपलरमध्ये हे घसरणं अडवायची सोय असते. माझ्या छोट्या वाघिणींमध्ये नाही.

आपल्याकडे हा नियम कसा पाळतात

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवर कपलरची उंची १०३० ते ११०५ मिलिमीटर या हद्दीत ठेवतात. म्हणजे मुभा ७५ मिलिमीटरची, अमेरिकेच्या तीन इंचांएवढीच. यातली गंमत अशी की उंची सतत खाली येत असते. माल भरला की स्प्रिंगा दबतात. चाकं झिजतात, पुन्हा गोल करून घेताना आणखी लहान होतात. वाघिणीचं नवं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं असतं, ते ९०६ वर आलं की बाद. व्यास ९४ नं घटला, म्हणजे वाघीण ४७ मिलिमीटरनं खाली बसली. मुभा ७५ ची आणि त्यातले ४७ एकट्या चाकांनीच खाल्ले! म्हणून कारखान्यात वाघीण गेली की उंची मोजून, पॅकिंग घालून ती पुन्हा वर आणतात. आपण घरी छोट्या वाघिणीला वॉशर घालतो ते हेच काम.

आता ७५ ला ८७ नं भागा. ०.८६ मिलिमीटर. खऱ्या रेल्वेची मुभा आपल्या टेबलावर एवढीच उरते.

मग एरवी कशी चालते?

माझ्या पाचव्या वाघिणीचा कपलर चौथीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं खाली होता. एचओच्या कपलरची मूठ भिजलेल्या साबुदाण्यापेक्षा फार मोठी नसते, तरी अर्धा मिलिमीटर ती सांभाळून घेते. सपाट रुळावर.

रूळ सपाट नसला की काय होतं ते घाटाच्या भाषेत सांगतो. कर्जत-लोणावळ्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणूनच तिथे मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. समजा तुमच्या टेबलावर सपाट रूळ एका जागी एकदम असा चढायला लागला. पुढची वाघीण चढावर, मागची सपाटीवर. कपलर बोगीच्या (म्हणजे अख्खा डबा नव्हे, वाघिणीच्या प्रत्येक टोकाखालचा चाकांचा गाडा) मध्यापासून २० मिलिमीटर पुढे आलेला असतो. सीसॉच्या फळीचं टोक टेकूच्या पलीकडे असतं तसा. २० ला ३७ नं भागलं की ०.५४. म्हणजे त्या एका जागी दोन कपलरांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नव्यानं पडतो. आधीचा अर्धा त्यात मिळवा. झाला एक मिलिमीटर, मूठ निसटली. लांब वाघिणींत कपलर बोगीपासून आणखी पुढे असतो, त्यामुळे त्यांचं दुखणं जास्त. खऱ्या रेल्वेत असा चढ कधीच एकदम सुरू होत नाही, सावकाश वळवत नेतात.

माझ्या टेबलावर तर चढही नव्हता. दोन प्लायचा सांधा होता, बोगद्याच्या आत. आणि आरतीच्या वेळी पितळी समई उचलून नेमकी त्या सांध्यावर ठेवली जायची. सांधा जरासा खचायचा, रूळ तेवढ्यापुरता वाकायचा. आरती संपली की समई जागेवर, गाडीही शहाण्यासारखी चालायची. समईवर आळ घेणं सोपं होतं. पण ती दुसरीकडे ठेवल्यावर पुढच्या वर्षी सत्यनारायणाच्या कलशानं तेच केलं.

शेजारणीशी नाही, रुळाशी जुळवा

नव्वद टक्के लोक (मीही त्यांतलाच) इथे एक चूक करतात. चौथी आणि पाचवी सुटतात ना, मग पाचवी थोडी उचलून चौथीशी जुळवतात. जमतं. मग पाचवी आणि सहावी सुटायला लागतात. सहावी उचलली की सातवी. डुगडुगणाऱ्या टेबलाचा एक पाय कापावा, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी टेबलाचा पाट व्हावा तसं ते होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी वाघिणींचा क्रम बदलला की सगळं मुसळ केरात.

शिंपीकाका परकराची उंची एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला मोजत नाहीत. जमिनीवर पट्टी उभी धरतात आणि गोल फिरतात. आपली जमीन म्हणजे रुळाचा माथा. प्रत्येक वाघिणीचं प्रत्येक टोक त्याच एका मापाशी ताडायचं. दुसऱ्या वाघिणीकडे बघायचंही नाही.

एचओमध्ये हे माप २५/६४ इंच, म्हणजे ९.९२ मिलिमीटर आहे. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत. हे व्हर्नियरनं मोजायच्या फंदात पडू नका. गोल मुठीचा मध्य पकडताना हात हलतोच. त्यासाठी रुळावर ठेवायचं छोटं गेज मिळतं. त्याला बरोबर उंचीवर एक कपलर बसवलेला असतो. वाघीण ढकलून त्याला भिडवायची आणि बाजूनं पाहायचं. दोन मुठींचे वरचे काठ एका रेषेत आले तर ठीक. केडी या अमेरिकन कंपनीचं २०५ क्रमांकाचं गेज सगळ्यात परिचयाचं. (कीथ आणि डेल या जुळ्या भावांच्या नावांवरून केडी. मला बरीच वर्षं ते नाव दक्षिण भारतीय वाटायचं.) हे गेज धातूचं असतं, त्यामुळे वीज चालू असताना रुळावर ठेवलंत तर शॉर्ट होणार.

आणि मोजायचं कुठे? टेबलावर नाही, कारण टेबलाचा भरवसा आपण वर पाहिलाच. वीतभर सरळ रूळ घेऊन दुपारी रिकाम्या ओट्यावर, ग्रॅनाइटवर ठेवा. घरात त्याहून सपाट जागा नसते.

उचलण्याआधी, खाली का आला ते बघा

वॉशर घालायची घाई इथेच नडते. कपलर खाली दिसतो याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

आधी नखानं मूठ हलकेच वर उचलून सोडा. ती डुलत खाली आली तर वाघीण ठेंगणी नाही, कपलर लोंबतोय. कपलरचा दांडा वाघिणीच्या खाली एका चपट्या डबीत बसवलेला असतो. डबीचं झाकण सैल झालं, स्क्रू अर्धवट फिरवलेला राहिला, की दांडा आत झुकतो. स्क्रू आवळा. तरी लोंबत असेल तर डबीत दांड्याखाली पातळ पट्टीचा तुकडा सरकवा. पण दांडा बाजूला सहज हलला पाहिजे आणि सोडल्यावर मध्यावर परत आला पाहिजे. तो आवळून बसला तर वळणावर वाघीण रुळावरून उतरेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. माझ्या दहापैकी चार वाघिणींना एवढंच दुखणं होतं. त्यांना वॉशर घातले असते तर चारही चुकल्या असत्या.

मग चाकं. अमेरिकन वाघिणींना साधारण दोन मापांची चाकं असतात, ३३ इंची आणि जड वाघिणींना ३६ इंची. एचओमध्ये ती ९.६ आणि १०.५ मिलिमीटरची होतात. कोणी हौसेनं प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवली आणि माप चुकलं, तर वाघीण ०.४४ मिलिमीटरनं वर किंवा खाली जाते. अशा वाघिणीला वॉशर घालणं म्हणजे चपलांचा जोड चुकल्यावर पँट कापण्यासारखं.

वाघिणीची तळफळी वाकलेली असू शकते, केळ्यासारखी. तेव्हा दोन्ही टोकं खाली झुकतात आणि बोग्या मात्र निर्दोष असतात. काच ठेवून बघितलं की लगेच कळतं.

हे सगळं ठीक आहे आणि तरीही दोन्ही टोकं सारखीच खाली आहेत, तेव्हाच वाघीण खरोखर ठेंगणी.

वॉशरचं गणित

बोगी वाघिणीला एका स्क्रूनं लागलेली असते. स्क्रू काढायचा, बोगी आणि वाघीण यांच्यामध्ये वॉशर घालायचा, स्क्रू परत लावायचा. काम पाच मिनिटांचं. केडीचे फायबरचे वॉशर ०.०१० आणि ०.०१५ इंचांचे, म्हणजे पाव आणि ०.३८ मिलिमीटरचे असतात. ते इथे सहज मिळत नाहीत. मी बोहरी आळीत गेलो. दोन मिलिमीटरच्या स्क्रूचा प्रमाण वॉशर ०.३ मिलिमीटर जाड असतो आणि मूठभर वॉशर चहाच्या किमतीत येतात. दुकानदारानं विचारलं, "कशाला पाहिजेत?" मी म्हटलं, मालगाडीला. त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा मापाच्या डबीकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

एक खाचखळगा मात्र ध्यानात घ्या. एकाच टोकाला ०.३८ चा वॉशर घातला तर त्या टोकाचा कपलर ०.३८ नं नाही, त्याहून जास्त चढतो, कारण तो टेकूच्या पलीकडे आहे. बोग्यांमधलं अंतर १०५ आणि कपलर पुढे २५ मिलिमीटर असेल तर तो ०.४७ चढतो. आणि दुसऱ्या टोकाचा ०.०९ नं खाली जातो. म्हणून एक टोक दुरुस्त केल्यावर दुसरं पुन्हा गेजला लावून बघायचं. प्रत्येक वेळी.

परत लावताना एका बोगीचा स्क्रू असा आवळा की बोगी फक्त डावी-उजवी वळेल. दुसरीचा थोडा सैल ठेवा, म्हणजे ती वळेलही आणि डुलेलही. तिपाई कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही, तीच युक्ती.

कपलर वर असेल तर उलटं काम: बोगी जिथे टेकते ती उंचवट्याची जागा कानशीनं सावकाश घासायची. घासलेलं परत येत नाही, तेव्हा चार हात मारले की मोजा. आणि वाघीण खाली आल्यावर चाकं तळाला घासत नाहीत ना, ते वळणावर चालवून बघा.

घासण्याइतकी जागाच नसेल तर कपलर बदलायचा. मूठ दांड्यापेक्षा वर किंवा खाली असलेले कपलर मिळतात. त्यांच्या इंग्रजी नावांनी मात्र मला पुरतं फसवलं. 'अंडरसेट' म्हणजे मूठ खाली असेल असं समजून मी मागवले. ते नाव दांड्याचं आहे: दांडा खाली, म्हणजे मूठ वर. 'ओव्हरसेट' त्याच्या उलट. दांडा पकडीनं वाकवून काम भागवायचा मोह होतो, तो आवरा. ओतीव धातूचा दांडा वाकत नाही, तुटतो. प्लास्टिकचा वाकतो आणि हळूहळू पुन्हा पहिल्यासारखा होतो.

ती लोंबणारी तार कसली?

मुठीखाली मिशीसारखी एक वाकडी तार असते. रुळांमध्ये चुंबक बसवला की तो या तारा ओढतो आणि हात न लावता वाघिणी सुटतात. पण ती फार खाली आली तर रूळ फुटून दोन वाटा होतात तिथल्या रुळांत अडकून वाघीण उलथते. रुळाच्या माथ्यापासून साधारण पाऊण मिलिमीटर वर असावी, आणि ती गेजलाच तपासता येते. आधी कपलरची उंची, मगच तार. उलट केलंत तर तार दोनदा वाकवावी लागते. चुंबक वापरत नसाल तर सरळ कापून टाका. मी कापल्या. शुद्धतावादी मित्र अजून बोलतात.

"वजन टाकलं की बसेल की खाली!"

हा सल्ला मला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी दिला, आणि खऱ्या वाघिणीबाबत तो बरोबरच आहे. पण छोट्या वाघिणींच्या बोग्यांत बहुधा चालत्या स्प्रिंगा नसतात, दिसतात त्या साच्यातल्या नक्षीपुरत्या. वजन टाकून उंची बदलत नाही. वजनाचा उपयोग वेगळा. हलकी वाघीण असेल तर वरचा कपलर तिला चक्क उचलतो आणि चाक रूळ सोडतं. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेनं, म्हणजे १९३५ पासूनच्या एनएमआरएनं, एचओसाठी ठोकताळा दिलेला आहे: एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची वाघीण असेल तर चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम.

दुसरा आक्षेप असा येतो की मुलांच्या खेळाला एवढी मापं कशाला. दुकानातल्या खेळण्याच्या संचात कपलर बोगीलाच जोडलेले असतात, मुठी ढोबळ असतात, चार डबे असतात. तिथे खरंच काही करू नका. दहाव्या डब्यापासून मात्र प्रत्येक चूक मागून पुढे ओढली जाते. आणि बोगीला जोडलेला कपलर गाडी मागे ढकलताना बोगीच तिरकी करतो, ते दुखणं उंची कितीही जुळवली तरी जात नाही.

एक वाघीण राहिलीच

माझ्या एका मित्रानं भारतीय टाकीची वाघीण स्वतः बनवली, लोणीच्या तेल डेपोत दिसते तशी. माणूस काटेकोर. त्यानं आपल्या रेल्वेचे ११०५ मिलिमीटर घेतले, ८७ नं भागले आणि कपलर १२.७ मिलिमीटरवर बसवला. हिशेब अचूक. पण अमेरिकन वाघिणींचा ९.९२ वर. दोघी शेजारी उभ्या केल्या तर एकीची मूठ दुसरीच्या डोक्यावरून जाते. आपला कपलर अमेरिकेपेक्षा खरोखरच इतका उंच असतो. शिवाय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे रूळही १९.३ मिलिमीटर रुंद हवा. तिथे मात्र त्यानं साडेसोळावर तडजोड केली होती.

ती वाघीण खाली आणायला तो तयार नाही, आणि माझ्या दहा वर न्यायला मी. शेवटी एक जुनी वाघीण घेतली, तिच्या एका टोकाला ९.९२ वर कपलर बसवला, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांचा थर देऊन १२.७ वर. ती दोघींच्या मध्ये जोडतो. यंदा बोगद्याच्या आतल्या सांध्याखाली एक पाय लावला आहे, आणि या एका वाघिणीसाठी ओट्यावर दोन गेजं ठेवावी लागतात.